ज्याचें त्याचें माप

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपल्या घराघरांत इतकी मुरलेली आहे कीं, तिच्यांत विचार करण्यासारखें कांहीं शिल्लक असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. मिळकतीच्या बेतानें खर्च करावा, हा तिचा व्यवहारांतील अर्थ निर्विवाद आहे. परंतु म्हणींचा असा एक स्वभाव असतो कीं, ज्या प्रसंगासाठीं त्या जन्माला आल्या त्याचें कुंपण ओलांडून त्या भलत्याच शेतांत शिरतात. अंथरूण ठरलेलें असेल तेव्हां पाय आंखडावे हें खरें. पण अंथरूण अजून घ्यावयाचेंच आहे, दुकानांत दहा अंथरुणें मांडलेलीं आहेत आणि त्यांतून एक निवडावयाचें आहे, अशा वेळीं प्रथम काय पाहावें? ज्याचे पाय चारचौघांपेक्षां लांब आहेत त्यानें मोठें अंथरूण मागितलें, तर ती त्याची हांव समजावी कीं त्याची गरज? प्रश्न वरवर पोरकट दिसतो. मला मात्र तो नीतिशास्त्रांतील एका जुन्या प्रश्नाचेंच घरगुती रूप वाटतो. संयमाचें माप सर्वांना एकच असावें, कीं ज्याचें त्याला निराळें?

केवळ तत्त्वांच्या पातळीवर ही चर्चा करूं गेल्यास ती हवेंत तरंगत राहते. म्हणून मी एक लौकिक, आणि येथील बहुतेक वाचकांना कदाचित् विचित्र वाटेल असें, उदाहरण घेतों. कॅनडांत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागांत सरोवरांचें व नद्यांचें दाट जाळें आहे. त्या पाण्यांतून हिंडण्यासाठीं तेथील मूळ रहिवाशांनीं भूर्जाच्या सालीची एक हलकी, उघडी, दोन्ही टोकांस निमुळती होडी फार पूर्वीं सिद्ध केली होती. तिच्याच वंशांतील नावा आज ‘कनू’ या नांवानें ओळखल्या जातात. (हें नांव आपल्याकडे लाडक्या मुलाला मारलेल्या हांकेसारखें ऐकूं येतें, त्याला इलाज नाहीं.) एका सरोवराचें पाणी संपलें कीं नाव खांद्यावर घ्यावयाची, मधली जमीन तुडवावयाची आणि पुढच्या सरोवरांत ती पुन्हा सोडावयाची, अशी तिकडील प्रवासाची रीत आहे. बहुतेक कनू दोघांच्या असतात. पण एकट्यानेंच वल्हवावयाच्या, लांबीरुंदीनें आटोपशीर अशा कनूहि बऱ्याच बांधल्या जातात. आतां समजा, सहा फूट दोन इंच उंचीचा, ११५ किलो वजनाचा एक थोराड गृहस्थ अशी एकट्याची कनू घेण्यास निघाला आहे. त्याच्यापुढें साडेबारा-तेरा फुटांपासून साडेसोळा-सतरा फुटांपर्यंतच्या नावा आहेत. लहान नाव दिसावयास देखणी आणि उचलावयास सोपी. शिवाय तिच्याभोंवतीं एक नैतिक तेजोवलयहि आहे, कारण जो थोडक्यांत भागवितो तो श्रेष्ठ, ही समजूत त्या देशांतील रानावनांत हिंडणाऱ्या मंडळींतहि आपल्याइतकीच खोल रुजलेली आहे.

त्या समजुतीचा एक आद्य पुरस्कर्ता जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा होय. पेनसिल्व्हेनियांतील वेल्सबरो गांवीं राहणारा आणि जोडे शिवण्याचा धंदा करणारा हा गृहस्थ ‘नेसमक’ या टोपणनांवानें ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकांत लिहीत असे. प्रकृति क्षीण, वय साठीच्या पुढें, वजन जेमतेम ५० किलोंच्या घरांतलें. न्यू यॉर्क संस्थानांतील कँटन येथील जे. हेन्री रश्टन या कारागिराकडून त्यानें एकापेक्षां एक हलक्या कनू बांधून घेतल्या. इ. स. १८८३ मध्यें बांधलेली ‘सेअरी गँप’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिची लांबी ९ फूट आणि वजन अवघें साडेदहा पौंड, म्हणजे पांच किलोंहूनहि कमी! डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ कादंबरींतील मद्यप्रिय सुईणीचें नांव तिला दिलें होतें. ती बाई जशी पाणी घेत नसे तशी या नावेनेंहि घेऊं नये, असा त्यांतला विनोद. त्याच वर्षीं त्या नावेंतून सिअर्सनें अ‍ॅडिरॉन्डॅक भागांत २६६ मैलांचा प्रवास केला, आणि पुढच्या वर्षीं ‘वुडक्राफ्ट’ हें पुस्तक लिहून हलकें राहण्याचा मंत्र सर्वांना दिला. त्या मंत्रांत मोठें शहाणपण आहे, आणि तो देणारा माणूस मला अत्यंत प्रिय आहे. तरीहि एक हिशेब मांडून पाहण्याचा मोह आवरत नाहीं. पन्नास किलोंच्या माणसाची पांच किलोंची नाव म्हणजे त्याच्या देहाचा दहावा हिस्सा. आपल्या ११५ किलोंच्या गृहस्थानें तोच संयम त्याच प्रमाणांत पाळला, तर त्याची नाव साडेअकरा किलोंची होईल. आणि तो जर ‘सेअरी गँप’मध्येंच जाऊन बसला, तर पाणी तिच्या काठाला टेकावयाच्या बेतास येईल. मग या दोघांत अधिक संयमी कोण? साडेअकरा किलोंच्या नावेंत बसणारा थोराड मनुष्य, कीं पांच किलोंच्या नावेंत बसणारा किरकोळ मनुष्य? माझ्या मतें दोघेहि सारखेच. दुसऱ्याची स्तुति झाली आणि पहिल्याची झाली नाहीं, याचें कारण वजनकांट्याला नावेचें वजन दिसतें, प्रमाण दिसत नाहीं.

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागांत नेमक्या याच ठिकाणीं बोट ठेवलें आहे. सद्गुण हा दोन टोकांमधला मध्य होय, हें त्याचें मत सर्वश्रुत आहे. परंतु तो मध्य दोन प्रकारचा असतो हें तितकें लक्षांत घेतलें जात नाहीं. दहा आणि दोन यांचा मध्य सहा. हा गणितांतला मध्य, सर्वांना एकच. पण दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडें, म्हणून पंतोजीनें प्रत्येक शिष्याला सहा माप वाढावें असें होत नाहीं. क्रोटन नगराचा विख्यात मल्ल मायलो याला तें अपुरें पडेल आणि आखाड्यांत कालच उतरलेल्या पोराला तें सोसणार नाहीं. नीतींतला मध्य ‘आपल्या अपेक्षेनें’ ठरावयाचा असतो. हा विचार ग्रीकांपुरताच होता असें नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आहार मात्रेनें घ्यावा असें सांगून लागलीच ती मात्रा ज्याच्या त्याच्या अग्निबलावर अवलंबून ठेविली आहे. वैद्य आणि तत्त्ववेत्ता दोघांनाहि एक गोष्ट उमगली होती. मिताहार म्हणजे अल्पाहार नव्हे. आणि मित हें विशेषण कोणाच्या तरी मापानें मोजल्याशिवाय अर्थशून्य असतें.

मग सर्वांना एकच माप लावण्याची संवय लागली तरी कोठून? एके काळीं नाव माणसाच्या अंगावरूनच बेतली जाई. ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांच्या कयाकीचीं मापें फुटांत नव्हे, तर ज्याला ती वापरावयाची त्याच्या शरीरांत सांगितलीं जात. लांबी त्याच्या पसरलेल्या हातांच्या सुमारें तिप्पट. बसण्याच्या जागेची रुंदी त्याच्या कमरेवर आणखी दोन मुठी. थोराड शिकाऱ्याला थोराड नाव मिळे, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं आहे हें कोणाच्या स्वप्नांतहि येत नसे. सांचा आला आणि हा क्रम उलटला. आजच्या कनू फायबरग्लास, केव्हलर अशा द्रव्यांच्या, सांच्यांत घडविलेल्या असतात. सांचा करण्याचा खर्च मोठा, म्हणून एका सांच्यांतून शक्य तितक्या नावा काढावयाच्या, आणि जास्तींत जास्त गिऱ्हाइकांना खपेल असा ‘सरासरी’ माणूस मनांत धरून तो सांचा घडवावयाचा. हा सरासरी माणूस इ. स. १८३५ मध्यें बेल्जियमच्या केतले या गणितज्ञानें शास्त्राच्या दरबारांत आणून बसविला, आणि तेव्हांपासून तो आपल्या खुर्च्या, आपले दरवाजे आणि आपलीं आगगाडींतील बांकें यांवर राज्य करीत आहे. गंमत अशी कीं, त्याला प्रत्यक्ष कोणी पाहिलेला नाहीं! इ. स. १९५० मध्यें अमेरिकन हवाई दलानें ४,०६३ वैमानिकांचीं मापें घेतलीं. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकानें त्यांतलीं उंची, छाती, बाहु वगैरे दहा मापें निवडून दहाहि बाबतींत सरासरीच्या आसपास असलेला वैमानिक शोधला, तेव्हां एकहि सांपडला नाहीं. हवाई दलानें त्यावरून वैमानिकांना उपदेश केला नाहीं. विमानांतल्या बैठका मागेंपुढें व वरखालीं सरकतील अशा करविल्या.

आपल्या गृहस्थाकडे परत येऊं. पाण्याचा न्याय त्याला अनुकूल आहे कीं प्रतिकूल? तो निःपक्षपाती आहे, एवढेंच म्हणतां येईल. नाव, नावाडी आणि सामान यांचें एकूण वजन जितकें, तितक्याच वजनाचें पाणी बाजूला सारीपर्यंत नाव खालीं जाते. आर्किमिडीजनें सांगितलेल्या या नियमांत लज्जा, कौतुक, दया यांना जागा नाहीं. ११५ किलोंचा माणूस, २० किलोंची नाव, २५ किलो सामान, एकूण १६० किलो. म्हणजे गोड्या पाण्याचे १६० लिटर. मध्यम आकाराच्या एकेरी कनूला एक सेंटीमीटर खालीं जाण्यास अंदाजें २० किलो लागतात. तेव्हां ६५ किलोंच्या माणसापेक्षां हा गृहस्थ तीच नाव सुमारें अडीच सेंटीमीटर अधिक बुडवील. ऐकावयास ही गोष्ट अल्प वाटते. पण काठ मधोमध मुळांत ३० सेंटीमीटरांच्या आसपास उंच. वाऱ्यानें उठलेली लाट याच थोड्या सेंटीमीटरांशीं झुंजत असते. शिवाय अधिक बुडालेली नाव वळतांना जड होते, कारण तिचीं एरवीं मोकळीं राहणारीं टोकेंहि पाण्यांत रुततात. आणि मोठ्या धडाचा भार बैठकीच्या बराच वर असल्यानें अरुंद नाव त्याच्याखालीं चळूं लागते. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर याच अडचणीचें निराळें उत्तर काढलेलें आहे. तेथें अरुंद होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांवर उलांडी बांधतात आणि तोल बाहेरून उसना आणतात. कनूला उलांडी नसते, तेव्हां तिला तोल आपल्या अंगांतूनच, म्हणजे पाण्याच्या रेषेपाशीं असलेल्या रुंदींतून, काढावा लागतो.

येथें खऱ्या अर्थानें नीतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो नावेचा नसून जिभेचा आहे. विक्रेता विचारतो, “आपलें वजन किती?” हा साधा प्रश्न अनेक थोराड माणसांना आरोपासारखा ऐकूं येतो. मग ११५ चे १०० होतात. सामानाचे २५ चे १५ होतात. आणि तक्त्यांतील एक लहान, सुंदर, हलकी नाव एकदम ‘बसूं’ लागते. समोरचा माणूस पाहूनहि कांहीं बोलत नाहीं, कारण गिऱ्हाइकाला दुखवूं नये हें त्याचें व्रत. हें खोटें बोलणें निरुपद्रवी समजण्याची रीत आहे. दिवाणखान्यांत तें तसें असेलहि. पण ज्या सरोवराचें पाणी वसंतांत हाडें गोठविणारें असतें, तेथें बुडत्याला काढावयाला दुसऱ्या कोणाला तरी उडी घ्यावी लागते. लाजेपोटीं चोरलेल्या त्या पंचवीस किलोंचें ओझें मग कोणाच्या अंगावर पडतें, याचा विचार शिष्टाचाराच्या पुस्तकांत सांपडत नाहीं.

कारखानदारहि यांतून सर्वस्वीं सुटत नाहींत. नावेची ‘भारक्षमता’ म्हणून जो आंकडा छापला जातो त्याचा अर्थ विचारून घेतला पाहिजे. पाण्यावर सहा इंच काठ उरेपर्यंत नाव किती भार पेलील, असा एक हिशेब पूर्वापार चालत आलेला आहे. हा आंकडा खोटा नसतो; पण नाव काय सोसूं शकते हें तो सांगतो, ती कशांत सुखानें चालते हें सांगत नाहीं. सोसणें आणि सुखानें चालणें यांत किती अंतर आहे, हें ज्यानें आपल्या मापाची नसलेली नोकरी, घर किंवा चप्पल दीर्घकाळ वापरली आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाहीं. प्रामाणिक कारखानदार कमींत कमी व जास्तींत जास्त अशा दोन मर्यादा देऊन त्यांमधला भाग चालण्यास उत्तम म्हणून दाखवितात. थोराड माणसानें आपलें सामानासकट खरें वजन त्या भागाच्या मध्यावर येईल अशी नाव शोधावी, वरच्या मर्यादेला टेकेल अशी नव्हे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणारे बहुधा सडपातळ असतात. “नाव मोठी करण्यापेक्षां देह लहान करावा, हें अधिक चांगलें नाहीं काय?” आक्षेपांत हिताची बुद्धि असूं शकते, म्हणून तो हंसण्यावारीं नेऊं नये. पहिली गोष्ट, सहा फूट दोन इंचांची हाडें कोणत्याहि पथ्यानें आंखूड होत नाहींत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मनुष्य कृश व्हावा कीं न व्हावा, हा त्याचा आणि त्याच्या वैद्याचा प्रश्न. परंतु पुढच्या वर्षींच्या कृश देहासाठीं या वर्षीं नाव घेणें म्हणजे जो अद्याप जन्मास आलेला नाहीं त्याला बसवून जो जिवंत आहे त्याला पाण्यांत लोटणें होय. आपल्या आदर्श रूपासाठीं वस्तु विकत घेण्याची ही हौस सर्वत्र आढळते. न वाचलेले ग्रंथ आणि न घातलेले कपडे तिची साक्ष देतात. तिला आपण महत्त्वाकांक्षा म्हणतों. मला तींत बऱ्याच वेळां स्वतःविषयींचा तिटकारा दिसतो, मग तो कितीहि सोज्ज्वळ वेष करून आलेला असो.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. ज्याचें त्याचें माप मान्य केलें, तर जो तो आपली गरज मोठी असल्याचें सांगेल. मग संयमाला आधार कोणता? याला माझें उत्तर असें कीं, देह आणि गांठोडें यांत फरक करावा. देह त्या क्षणीं माणसाच्या निवडीचा नसतो; गांठोडें असतें. सिअर्सचा उपदेश देहाला लावला तर तो क्रूर होतो, गांठोड्याला लावला तर तो सर्वांना सारखाच हितकर आहे. थोराड माणसानें मोठी नाव घ्यावी, पण ती मोठी आहे म्हणून तींत लोखंडी तवा, चार कंदील आणि घडीची खुर्ची भरूं नये. अर्थात् ही सीमारेषा मी मांडली तितकी स्वच्छ नाहीं. मोठ्या अंगाला मोठा तंबू लागतो, मोठें पांघरूण लागतें, शिधाहि अधिक लागतो; देहच गांठोड्यांत शिरतो. अशा वेळीं नियम हातीं देतां येत नाहीं, प्रत्येक वस्तूला ‘तूं देहाची कीं हौसेची?’ असें विचारीत बसावें लागतें, आणि उत्तरें नेहमींच सोयीचीं येतात.

शिवाय मोठ्या मापाचीहि एक चूक असते. वजन कबूल करून मोकळा झालेला माणूस कित्येकदां उलट्या टोकाला जातो आणि दोघांची सतरा फुटी कनूच एकट्यासाठीं घेतो. तिला पुरेसा भार मिळाला नाहीं म्हणजे ती पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला पतंगासारखी ओढतो. कॅनडांतील नामांकित चित्रपटकार व कनूप्रवीण बिल मेसन (१९२९–१९८८) हा दोघांची सोळा फुटी कनू एकटाच लीलेनें वल्हवीत असे. मधोमध गुडघे टेकून, नाव एका अंगावर कलती करून, काठ जवळ आणून. ती अनेक वर्षांच्या साधनेची विद्या होती, आणि तिला धडधाकट गुडघेहि लागतात. थोराड माणसाच्या गुडघ्यांनीं आधींच पुष्कळ सोसलेलें असतें. असें असलें तरी दोघांच्या नावेंत त्याची जी अवस्था होते तिच्यापेक्षां एकट्याची, मापाची नाव त्याला किती निराळी वाटत असेल! दुसऱ्याबरोबर असतांना त्याला ठराविकपणें मागें बसवितात. मागचें टोक रुततें, पुढचें उचलतें, पुढें बसलेला हलका सोबती हवेंत टांगल्यासारखा दिसतो, आणि मग सगळ्यांची थट्टा सुरू होते. तोल सांवरण्यासाठीं दगडगोटे भरलेली पिशवी पुढें ठेवावी लागते. एकट्याच्या नावेंत तो मध्यावर बसतो आणि नाव आपोआप समतल होते. तेथें त्याला कोणाच्या तुलनेनें जड असावें लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. ‘थोराड’ हा शब्द मी सोयीसाठीं वापरीत आलों, पण तो एका जातीच्या माणसांचा वाचक नाहीं. उंच आणि सडसडीत माणसाचे हात लांब, धड लांब. रुंद नावेच्या काठावरून वल्हें घालणें त्याला जड जात नाहीं, पण त्याचा भार उंच असल्यानें तोल मात्र नाजूक. बुटका आणि रुंद माणूस ठेंगणा असल्यामुळें स्थिर बसतो. त्याला फार रुंद नाव दिली तर काठ कांखेंत येतो. म्हणून ‘मोठ्या माणसांची नाव’ असा एखादा नवा सांचा करून त्यांत सर्वांना कोंबणें म्हणजे सरासरी माणसाच्या जागीं सरासरी थोराड माणूस बसविणें होय.

बैठकीच्या बाबतींत तर हें विशेषच जाणवतें. बैठक एखादा इंच खालीं घेतली कीं डळमळ पुष्कळ कमी होते, आणि जड माणसाला ही युक्ति हटकून सुचविली जाते. पण जो गुडघे टेकून वल्हवतो त्याचीं पावलें बैठकीखालीं असतात. पावलें मोठीं, बूट जाड आणि बैठक ठेंगणी असा योग जमला, तर नाव उलटल्यावर पाय आंत अडकूं शकतो, आणि मग तोल साधून दिलेली बैठकच घातक ठरते. म्हणून बसून वल्हवावयाचें कीं गुडघ्यांवर, हें आधीं ठरवावें. गुडघ्यांवर असेल तर पाय एका झटक्यांत मोकळे होतात कीं नाहीं हें पाहावें. ही परीक्षा अनवाणी पायांनीं किंवा दुकानाच्या फरशीवर करूं नये. प्रवासांत जे बूट घालावयाचे तेच घालून, सामानाचा खरा भार नावेंत ठेवून, किनाऱ्याजवळच्या कमरेइतक्या पाण्यांत ती करावी, आणि त्या वेळीं शेजारीं कोणी तरी उभें असावें.